एकटा विकर्ण पुरत नाही

सकाळी मुलं शाळेला निघाली, की आपल्या सूचनांची यादी सुरू होते. डबा संपव, पाण्याची बाटली विसरू नकोस, रस्ता नीट बघून ओलांड. आणि शाळेत कुणाचं भांडण झाल्याचं कानावर आलेलं असलं, तर त्यात आणखी एका वाक्याची भर पडते, "आपण बरं नि आपलं काम बरं. कुणाच्या भानगडीत पडू नकोस!"

हे वाक्य आपल्या आईने आपल्याला सांगितलं, तिला तिच्या आईने. त्यामागे वाईट हेतू मुळीच नसतो. आपलं लेकरू गेलं तसं सुखरूप घरी यावं, एवढीच इच्छा असते. पण भिलाईतल्या शाळांमधून जवळजवळ तीस वर्षं शिकवल्यानंतर माझं असं मत झालं आहे, की शाळेतल्या दादागिरीला सगळ्यात मोठा आधार कोणता असेल, तर तो या वाक्याचाच.

पाहा ना, चाळीस मुलांच्या वर्गात दादागिरी करणारी दोन-तीनच असतात. ती सोसणारा एखादाच असतो. मग उरलेली छत्तीस-सदतीस मुलं काय करतात? ती बघतात. काही हसतात, काही वहीत डोकं खुपसतात, काही हळूच वर्गाबाहेर सटकतात. आपण शिक्षा करतो ती त्या दोघा-तिघांना. समजूत घालतो ती एकाची. या छत्तीस-सदतीस जणांना मात्र कुणीच काही शिकवत नाही. मला आज त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

डब्याचा खेळ

भिलाई हे गाव तसं नवंच. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन इथं पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर २००० पासून तो छत्तीसगढमध्ये आला. कारखान्याच्या निमित्ताने सगळ्या प्रांतांतली माणसं इथं येऊन वसली. नागपूरहून गाडीत बसलं, की चार-पाच तासांत दुर्ग येतं, आणि दुर्गला लागूनच भिलाई. त्यामुळे विदर्भातली मराठी कुटुंबंही पुष्कळ आली. सेक्टरमधल्या एकेका गल्लीत बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, मराठी अशी सगळी घरं. गणपतीलाही सगळे आणि दुर्गापूजेलाही सगळे.

अशा गावातल्या मुलांना भेदभाव माहीत नसेल, असं बाहेरच्याला वाटेल. पण मुलांना चिडवायला काहीही पुरतं. कुणाचे उच्चार, कुणाचा रंग, कुणाचा डबा. कुणाचे वडील कारखान्यात अधिकारी आणि कुणाचे ठेकेदाराकडे मजूर, हेही मुलांना बरोबर ठाऊक असतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सहावीला सामाजिक शास्त्र शिकवत होते. वर्गात गावाबाहेरच्या एका खेड्यातून येणारा मुलगा होता. घरी छत्तीसगढी बोलणारा, त्यामुळे त्याच्या हिंदीला तोच सूर. डब्यात बहुधा चीला असायचा, म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं, आणि सोबत टोमॅटोची चटणी. दोन मुलांनी त्यावरून एक खेळच काढला होता. मधली सुट्टी झाली, की त्याचा डबा पळवायचा आणि या बाकावरून त्या बाकावर फेकत राहायचा. तो मागे धावायचा, काही बोलायचा, की त्याच्याच सुरात त्याची नक्कल. एके दिवशी डबा जमिनीवर पडून सगळं सांडलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने डबा आणणंच बंद केलं. पाणी पिऊन बसून राहायचा. हे मला त्याने सांगितलं नाही, वर्गातल्या कुणीही सांगितलं नाही. सांगितलं ते वर्ग झाडणाऱ्या मावशींनी.

मी वर्गाला विचारलं. त्या दोघांनी कबूल केलं. बाकीच्यांना विचारलं, "आणि तुम्ही सगळे?" उत्तर अगदी निरागसपणे आलं, "मॅडम, हमने कुछ नहीं किया। हम तो बस देख रहे थे।"

ती मुलं खोटं बोलत नव्हती. आपण काहीच केलं नाही, म्हणजे आपला काही दोष नाही, हे आपणच त्यांना शिकवलेलं. शाळेने रिवाजाप्रमाणे त्या दोघांच्या पालकांना बोलावलं, ताकीद दिली आणि प्रकरण मिटलं. पुढच्या आठवड्यात डबा उडाला नाही. त्याऐवजी त्या मुलाच्या वह्या उडू लागल्या. चाळीस प्रेक्षक जागच्या जागी असताना खेळ बंद पडेलच कसा?

पंडवानीतली सभा

भिलाईजवळ गनियारी नावाचं गाव आहे. प्रसिद्ध पंडवानी गायिका तीजनबाई तिथल्याच. पंडवानी म्हणजे छत्तीसगढच्या लोकांनी आपल्या बोलीत गायलेली पांडवांची कथा. बायकांनी ती गायलीच तर बसून गायची, असा रिवाज होता. तीजनबाई उभ्या राहून, अभिनय करून गाऊ लागल्या, म्हणून त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकलं होतं. पुढे त्याच बाईंना भिलाईच्या पोलाद कारखान्याने नोकरी दिली आणि २०१९ साली पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या हातातला तंबुरा कथेच्या ओघात कधी भीमाची गदा होतो, तर कधी दुःशासनाचा हात. इथल्या मुलांना द्रौपदी वस्त्रहरणाची कथा वेगळी सांगावी लागत नाही. तेव्हा मी वर्गात तीच काढली.

"दुर्योधनाने हुकूम सोडला, दुःशासनाने ओढत आणलं, शकुनीने फासे टाकले, कर्ण टाकून बोलला. किती झाले?"

"चार."

"आणि सभेत किती होते?"

मुलं नावं घेऊ लागली. भीष्म, द्रोण, कृपाचार्य, धृतराष्ट्र, बाकीचे सगळे राजे. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा आपणहोऊन म्हणाला, "मॅडम, वो सब भी देख ही रहे थे।" वर्ग एकदम शांत झाला.

मग मी त्यांना विकर्णाची गोष्ट सांगितली. पुष्कळ मोठ्यांनाही हे नाव आठवत नाही. विकर्ण हा कौरवांपैकीच एक, दुर्योधनाचा धाकटा भाऊ. भर सभेत उठून तो म्हणाला, की हे चाललंय तो अधर्म आहे. द्रौपदी जिंकली गेलेली नाही. सगळे वडीलधारे गप्प असताना हा तरुण मुलगा उठला. मला वाटलं, धडा छान झाला. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, विकर्ण बोलला. मग थांबलं का ते?"

"नाही थांबलं."

"मग बोलून काय उपयोग झाला?"

अशा प्रश्नांची उत्तरं मी घाईने देत नाही. "उद्या सांगते," म्हणाले आणि घरी येऊन महाभारताचं सभापर्व पुन्हा उघडलं. त्यात जे आहे ते फार बोलकं आहे. विकर्ण बोलल्यावर सभेत चांगलीच गलबल झाली. लोकांनी त्याची वाहवा केली, शकुनीला नावं ठेवली. म्हणजे त्याचं म्हणणं लोकांना पटलं होतं. पण कर्णाने उठून "तू अजून पोर आहेस, तुला काय कळतं," अशा अर्थाचं बोलून त्याला गप्प केलं, आणि ज्यांनी वाहवा केली त्यांच्यातला एकही माणूस उठला नाही. विदुराने नंतर विकर्णाचा दाखला देऊन सभेला जाब विचारला खरा. पण तोवर दुःशासनाचा हात वस्त्राला लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना एवढंच सांगितलं, "विकर्णाचं काहीच चुकलं नाही. चुकलं ते त्याच्या शेजारी बसलेल्याचं. त्याने लगेच उठून 'हा बरोबर बोलतोय' असं म्हणायला हवं होतं. मग तिसरा उठला असता."

मुलांना हे पटलं, कारण पंडवानी त्यांनी पाहिलेली होती. पंडवानीत मुख्य गायकाबरोबर एक रागी असतो. आपल्याकडे शाहिराला झीलकरी असतो ना, तसाच. गायक काही म्हणाला, की रागी हुंकार देतो, मधेच प्रश्न विचारतो, कथा पुढे नेतो. रागी नसला, तर पंडवानी रंगत नाही. विकर्णाला त्या सभेत रागी मिळाला नाही.

दहा सेकंदांचं काम

पुढे या विषयावर वाचू लागले, तेव्हा कळलं की जगभरच्या अभ्यासकांनी हेच निराळ्या मार्गाने दाखवून दिलं आहे. कॅनडात डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग या अभ्यासिकांनी सहकाऱ्यांबरोबर शाळेच्या मैदानावरची मुलं कॅमेऱ्याने टिपली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, दादागिरीच्या ८८ टक्के प्रसंगांत आजूबाजूला दुसरी मुलं हजर होती. मधे पडली ती फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण ती मधे पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, म्हणजे ५७ टक्के वेळा, तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! मोठ्यांच्या चौकशीला आणि ताकिदीला आठवडे लागतात.

मग मुलं मधे पडत का नाहीत? त्याचं उत्तर १९६८ साली अमेरिकेत जॉन डार्ली आणि बिब लताने यांनी केलेल्या प्रयोगात सापडतं. वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेले विद्यार्थी यंत्रावरून एकमेकांशी बोलत होते. मधेच एकाला झटका आल्याचा आवाज ऐकू येई. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के विद्यार्थी वेळेत मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी फक्त ३१ टक्के. माणसं निर्दय नसतात. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी उठेल.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्तिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ साली याची आणखी फोड केली. दादागिरी करणारा आणि सोसणारा यांच्याशिवाय वर्गात चार प्रकारची मुलं असतात. त्याला हात देणारी, हसून चढवणारी, बाजूला राहणारी आणि सोसणाऱ्याची बाजू घेणारी. त्यांनी तयार केलेला 'किवा' नावाचा कार्यक्रम २००९ पासून फिनलंडच्या शाळांमध्ये राबवला गेला. त्याचा सगळा भर बघणाऱ्या मुलांना बाजू घ्यायला शिकवण्यावर आहे. कारण साधं आहे. टाळ्या वाजवणारं कुणी उरलं नाही, तर दादाची दादागिरी चालत नाही.

आम्ही काय केलं

आमच्या वर्गात एवढा मोठा कार्यक्रम नव्हता. आठवड्यातून एकदा, तासाची शेवटची दहा मिनिटं, आम्ही नाटक करायचो. कुणी डबा पळवणारा व्हायचं, कुणी डबेवाला, बाकीचे बघे. मग एकेकाने काय करता येईल ते करून दाखवायचं. पहिल्यांदा सगळे मुलगे सिनेमातल्या नायकासारखे मूठ उगारून धावले. आम्ही पोटभर हसलो आणि मुठीला मनाई केली. मग हळूहळू मुलांनी स्वतःच चार-पाच गोष्टी शोधून काढल्या.

पहिली म्हणजे, हसायचं नाही. याला कसलंही धाडस लागत नाही, पण दादागिरीची निम्मी हवा तिथंच जाते.

दुसरी, त्या मुलाला काहीतरी निमित्त काढून बाजूला न्यायचं. "चल रे, तुला सरांनी बोलावलंय," किंवा "आमच्यात एक खेळाडू कमी आहे, चल." भांडण न करता सुटका.

तिसरी, कुणी "बस कर" म्हणालं, तर लगेच दुसऱ्याने "हो, बस कर" म्हणायचं. मुलांनी याला नाव दिलं 'रागी होना'. पहिलं बोलायला सगळ्यांना जमत नाही. दुसरं बोलायला मात्र अगदी बुजऱ्या मुलालाही जमतं.

चौथी, मोठ्या माणसाला सांगायचं. इथं सगळे अडले. "मॅडम, ती चुगली होते." मग आम्ही फरक ठरवला. कुणाला अडकवण्यासाठी सांगितलं, तर ती चुगली. कुणाला सोडवण्यासाठी सांगितलं, तर ती मदत.

पाचवी, तेव्हा काहीच जमलं नाही, तरी नंतर जाऊन त्याच्याजवळ बसायचं. "जे झालं ते बरोबर नव्हतं," एवढं म्हणायचं. ज्याला त्रास झाला, त्याला मारापेक्षा जास्त लागतं ते हे, की सगळे बघत होते आणि कुणालाच काही वाटलं नाही.

दोन-अडीच महिने गेले. एके दिवशी मी मधल्या सुट्टीत वर्गापाशी आले, तर त्या मुलाची कंपासपेटी पुन्हा हवेत होती. प्रश्न विचारणारी ती मुलगी उभी राहून म्हणाली, "दे दो उसका." तिचा आवाज कापत होता. क्षणभर काहीच झालं नाही. मग मागून एक आवाज आला, "हाँ, दे दे ना यार." मग आणखी दोन. कंपासपेटी बाकावर आदळली आणि खेळ संपला. कुणी भाषण केलं नाही, कुणी माफी मागितली नाही. पुढे तो मुलगा पुन्हा डबा आणू लागला, आणि चटणी मागून घेणारेही निघाले.

आईची काळजी

ही गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्याच आठवड्यात त्या मुलीची आई मला भेटायला आली. "मॅडम, माझ्या मुलीला पुढारीपण कशाला शिकवता? ती दोन मुलं आता तिला टोमणे मारतात. उद्या काही झालं तर? आम्ही चार ठिकाणी बदल्या होऊन आलेली माणसं. आमचं इथं कोण आहे?"

त्या बाईंचं म्हणणं मला अगदी उडवून लावता येईना. आपल्या महाराष्ट्रानेच याची जबर किंमत पाहिली आहे. २० ऑक्टोबर २०११ च्या रात्री मुंबईत अंधेरीच्या अंबोली भागात कीनन सँटोस आणि रुबेन फर्नांडिस हे दोन तरुण आपल्या मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडवायला गेले. ती माणसं हत्यारं घेऊन परत आली. कीनन त्याच रात्री गेला, रुबेन ३१ ऑक्टोबरला. २०१६ साली न्यायालयाने चार जणांना जन्मठेप दिली. रस्त्यावर माणसं होती, पण मदतीला कुणी आलं नाही, हे त्यांच्या मित्रमंडळींनी तेव्हा सांगितलं होतं. ही बातमी वाचून कितीतरी आयांनी आपल्या मुलांना सांगितलं असेल, "बघ, म्हणून म्हणते मधे पडू नकोस."

मला मात्र त्या घटनेचा अर्थ निराळा वाटतो. त्या दोघांनी केलं ते योग्यच होतं. तिथं उभ्या असलेल्या पन्नास-साठ जणांना लहानपणी कुणी काही शिकवलं असतं, तर कदाचित ते दोघे एकटे पडले नसते.

मी त्या आईला सांगितलं, "तुमची मुलगी एकटी नाही. तिच्यामागोमाग तिघंजण बोलली. आता मी त्या तिघांना तिच्या आसपास बसवते आणि रोज लक्ष ठेवते." आणि तसं केलंही. मुलाला उभं राहायला सांगायचं आणि नंतर त्याच्याकडे पाठ फिरवायची, हे मोठ्यांना शोभत नाही. मुलांना आम्ही आणखी एक नियम घालून दिला. समोरचा वयाने फार मोठा असेल, नशेत असेल, हातात काही हत्यार असेल किंवा टोळकं असेल, तर जवळ जायचं नाही. धावत जाऊन मोठ्यांना आणायचं किंवा ११२ नंबर फिरवायचा. तेही मधे पडणंच आहे.

आई पूर्ण समाधानाने गेली, असं मी म्हणणार नाही. पण महिन्याभराने पालकसभेत भेटली, तेव्हा म्हणाली, "त्या मुलाची आई बाजारात भेटली होती. माझा हात धरून उभी राहिली. काय बोलावं तिला कळेना." मग थोडं थांबून म्हणाली, "मलाही."

पन्नास गुलाबी शर्ट

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातली २००७ सालची गोष्ट मला फार आवडते. शाळेच्या पहिल्याच दिवशी नववीतला एक मुलगा गुलाबी शर्ट घालून आला, म्हणून त्याची टिंगल झाली, त्याला धमकावण्यात आलं. बारावीतल्या डेव्हिड शेफर्ड आणि ट्रॅव्हिस प्राइस या दोघांच्या हे कानावर आलं. ते कुणाशी भांडायला गेले नाहीत. स्वस्तातल्या दुकानातून पन्नास गुलाबी शर्ट आणले, मित्रमैत्रिणींना निरोप धाडले आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात उभं राहून ते वाटले. पुष्कळ मुलं घरूनच गुलाबी कपडे घालून आली. सगळी शाळा गुलाबी दिसू लागल्यावर चिडवायचं कुणाला? तिथं आता दरवर्षी फेब्रुवारीत गुलाबी शर्टाचा दिवस पाळतात. विकर्णाला रातोरात रागी जमवता येतात, ते असे.

आपल्याकडे हा प्रश्न शाळेत संपत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. भिलाईची मुलं अभ्यासात हुशार. इंजिनिअरिंगला, मेडिकलला गावोगावच्या वसतिगृहांत जातात. ८ मार्च २००९ रोजी हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन कचरू हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी सीनियर मुलांच्या मारहाणीत मरण पावला. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी कडक नियम केले आणि १८००-१८०-५५२२ ही मदतवाहिनी सुरू झाली. महाराष्ट्रात १९९९ पासून आणि छत्तीसगढमध्ये २००१ पासून रॅगिंगविरोधी कायदाही आहे. शाळांसाठी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ साली दादागिरीविरुद्ध समिती नेमण्याची सूचना दिली. लहान मुलांसाठी १०९८ हा नंबर रात्रंदिवस चालतो. कायदे आहेत, समित्या आहेत, नंबर आहेत. पण वसतिगृहाच्या खोलीत रात्री अकरा वाजता समिती नसते. तिथं असतात ती शेजारच्या खोलीतली मुलं. नंबर फिरवायचा तर त्यांनीच. आणि ज्यांनी सहावीत कधी तोंड उघडलं नाही, ती मुलं तिथं अचानक कशी उघडतील?

मोबाइलमुळे तर बघ्यांचं काम आणखी सोपं झालं आहे. वर्गाच्या गटावर कुणाची टिंगल करणारं चित्र आलं, की ते पुढे ढकलायला एक बोट पुरतं. मुलांना इथंही तेच सांगायचं. पुढे पाठवायचं नाही, हसरे चेहरे टाकायचे नाहीत, आणि गटातल्या एकाने "हे काढून टाक" लिहिलं, तर लगेच खाली "हो, काढ" असं लिहायचं.

घरी करण्यासारखं

मुलगा शाळेतून आला, की आपण विचारतो, "तुला कुणी मारलं नाही ना?" त्याऐवजी कधीतरी विचारून पाहा, "आज वर्गात कुणी एकटं बसलं होतं का?" पहिल्या दिवशी उत्तर येणार नाही. आठ दिवसांनी येईल. उत्तर आलं, की लगेच शाळेत फोन करून गाजावाजा करू नका आणि "मग तू का नाही काही केलंस?" असंही म्हणू नका. "तुला काय करता येईल?" असं विचारा आणि त्यालाच शोधू द्या. शिक्षकांना सांगायची वेळ आली, तर सांगणाऱ्या मुलाचं नाव वर्गात फुटणार नाही, याची हमी आधी घ्या. एकदा नाव फुटलं, की त्या वर्गातलं कुणीही पुन्हा तोंड उघडत नाही.

ज्या मुलाने त्रास दिला, तोही कुणाचं तरी लेकरूच असतो. आमच्या वर्गातल्या त्या दोघांपैकी एकाचे वडील त्याला घरी इतरांदेखत फार टाकून बोलायचे, हे पुढे कळलं. घरातल्या त्या प्रसंगांनाही बघे असणारच.

म्हणूनच शेवटी प्रश्न आपल्यापाशी येतो. मुलं आपलं बोलणं कमी ऐकतात आणि आपल्याला जास्त बघतात. कॉलनीत कुणी कामवाल्या बाईला टाकून बोलत असतं, रेल्वेच्या डब्यात कुणी खेडूत म्हाताऱ्याला हाकलत असतं, समारंभात एखाद्या सुनेचा पाणउतारा चाललेला असतो. अशा वेळी पहिलं बोलायचं धाडस आपल्याला नेहमीच होईल, असं नाही. पण कुणी एकाने "अहो, असं बोलू नका" म्हटलं, तर आपल्या जागेवरून "बरोबर आहे त्यांचं" एवढं म्हणायला काय लागतं? शेजारी आपलं मूल बसलेलं असतं. ते ऐकत असतं.